साळवे काकांचा डावा हात

काका, तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा आत बसायला जागा नव्हती. दिल्लीच्या मुनिरक्यातली ती तिसऱ्या मजल्यावरची खोली. एका भिंतीला आईचं शिवणयंत्र, दुसरीला ट्रंका, आणि मध्ये रात्रपाळी करून आलेले अण्णा झोपलेले. तुम्ही चपला काढल्यात, आत एक नजर टाकलीत आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलात. ‘इथं ऊन छान आहे,’ म्हणालात. त्या जिन्यात ऊन कधीच येत नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आम्ही कँटोन्मेंटमध्ये राहत होतो. अण्णा नाईक होते. क्वार्टर लहान होतं, पण नळाला पाणी होतं, दुखलं-खुपलं तर मिलिटरी हॉस्पिटल होतं, तेल-साखर कँटीनमधून यायची. अण्णा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि हे सगळं एकदम लांब गेलं. साताऱ्याकडच्या गावी परत जाता आलं असतं, पण मी नुकताच कॉलेजात गेलो होतो. आमच्या घरातल्या कुणी त्याआधी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. म्हणून आम्ही दिल्लीतच राहिलो. पाण्याची मोटर पहिल्या मजल्यापर्यंतच पाणी चढवायची, तिथून वर बादल्या. आई आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतल्या वहिनींच्या साड्यांना फॉल लावायची. अण्णा गुडगावच्या एका नव्या कारखान्याच्या गेटवर गार्ड म्हणून लागले. वर्दीचा निळा शर्ट ते पिशवीत घालून न्यायचे आणि तिथं गेल्यावर बदलायचे. आमच्या गल्लीत त्यांना त्या शर्टात कुणी पाहिलं नाही. फौजेत सलामी दिलेल्या माणसानं येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींसाठी फाटक उघडायचं, हे त्यांना आतून लागलं होतं. ते कधी बोलले नाहीत. आम्हीही तो विषय काढला नाही.

तुम्ही एस्तेर काकूंची साडी न्यायला आला होतात. मी वरच्या पायरीवर माझ्या मित्राची, विकीची, जुनी बेस गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो.

‘काय वाजवतोस?’

‘बेस, काका.’

‘ऐकू तर काही येत नाही.’

‘अँप्लिफायर लागतो त्याला. तो विकीकडे आहे.’

तुम्ही वर आलात, वाकलात आणि गिटारच्या लाकडाला कान लावलात. सरकारी ऑफिसातला पांढऱ्या केसांचा माणूस, मुनिरक्याच्या जिन्यात, माझ्या गिटारला कान लावून. ‘अच्छा,’ म्हणालात. ‘डग्गा आहे हा. तारांचा डग्गा.’ मग विचारलंत, ‘कसला बँड तुमचा?’ मी म्हणालो, मेटल. ‘म्हणजे लग्नातला? पितळी वाद्यं?’ मी नाही म्हणालो आणि कानठळ्या बसवणारं ते रॉक संगीत समजावून सांगायला लागलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मला तोवर मेटलबद्दल इतका वेळ कुणी बोलू दिलं नव्हतं.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांना एवढंच सांगतो. तुम्ही नगरचे. रविवारी सकाळी मराठी उपासनेत पेटी वाजवायचात आणि भाद्रपदात आर. के. पुरमच्या मराठी मंडळाच्या गणपतीपुढे आरतीला तीच पेटी. मंडळात नवीन आलेला एखादा दबकत विचारायचा, ‘साळवे, तुम्ही ख्रिस्ती ना?’ तुम्ही म्हणायचात, ‘मी आहे. पेटीनं अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही.’

मंडळाकडे एक सिंथेसायझर होता, विजेवर चालणारी पट्ट्यांची पेटी. परदेशातल्या वकिलातीत नोकरी करून परत आलेल्या कुणीतरी तो मुलासाठी आणला, मुलाला त्याचा कंटाळा आला, म्हणून मंडळाला भेट. मंडळाला त्याचं काय करायचं कळेना. मखराचे थर्मोकोल, लायटिंगच्या माळा आणि सतरंज्या यांच्यामध्ये तो चादरीत गुंडाळून पडला होता. गणपतीच्या आधी तुम्ही तो बाहेर काढलात, कारण तुम्हाला त्याच्यात पेटीचा आवाज आहे का बघायचं होतं. मी खुर्च्या मांडायला आलो होतो. तुम्ही एकेक बटण फिरवत होतात. बासरीसारखं काही आलं, शिट्टीसारखं काही आलं, आणि मग एकदम खालून, फरशीतून, भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढाला लागावा तसा आवाज आला. खिडकीच्या काचा थरथरल्या.

काकू म्हणाल्या, ‘अहो, बंद करा ते. पोटात कसंतरी होतंय.’

मी म्हणालो, ‘काका, हे आमच्या बँडमध्ये वाजवाल का?’

तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘कॉलेज कसं चाललंय?’

आईनं काकूंना सांगितलं असणार. माझं कॉलेज सुटायच्या बेतात होतं. अण्णांच्या गेटवर दुसऱ्या गार्डची जागा निघाली होती. अण्णांचे गुडघे गेले होते, एकाच्या पगारात भागत नव्हतं. त्यांनी जबरदस्ती केली नव्हती, एवढंच म्हणाले होते, ‘बघ बाबा. सुपरवायझर इचारत हुता.’ मी मनातून हो म्हटलं होतं.

‘मी येतो बँडमध्ये,’ तुम्ही म्हणालात. ‘पण मी बँडमध्ये आहे तोवर तू कॉलेजात. हजेरी, परीक्षा, सगळं.’

‘आणि त्यांनी तुम्हाला काढलं तर?’

‘तर तू मोकळा. गेटवर उभा राहा, नाहीतर आणखी कुठं. मी तोंड उघडणार नाही.’

काकूंनी कपाळाला हात लावला. ‘घरातला दिवा बदलायला सांगितलं तर उद्या. आणि हे म्हणे बँडमध्ये.’

मी अण्णांना सांगितलं, सध्या थांबा. किती दिवस थांबायचं ते मलाही माहीत नव्हतं. ते विकीवर होतं.

विकी आमचा गिटारवाला आणि गाणाराही. पंजाबी, सढळ हाताचा, पण मेटलच्या बाबतीत कट्टर. त्याच्या लेखी कीबोर्ड म्हणजे लग्नाचा ऑर्केस्ट्रा. ‘भाई, तू पागल है? हमारे स्टेज पे कीबोर्ड? कल को बोलेगा ढोलक भी ले आ.’ ड्रम वाजवणारा बिजू, आर. के. पुरमचाच मल्याळी, त्याला विकी चिडला की मजा यायची. तो म्हणाला, ‘ढोलक अच्छा आयडिया है.’ शेवटी विकीनं अट घातली. कॉलेज फेस्टला एकदा वाजवायचं. ‘पब्लिक ने हूट किया तो मशीन बाहर, अंकल बाहर. फिर मुझे कुछ मत बोलना.’ आणि दिल्लीतलं मेटलचं पब्लिक कसं होतं ते मला माहीत होतं. गिटारवाल्याचा शर्ट इस्त्रीचा असला तरी ते हूट करायचे.

तर असं ठरलं. एक कार्यक्रम. त्यात लोकांनी तुम्हाला उडवलं की मी गेटवर.

मला आता सगळ्यात जास्त आठवतो तो स्कूटरवरचा रस्ता. रविवारी उपासना झाली की तुम्ही स्कूटर काढायचात, मी मागे बसून चादरीतला सिंथेसायझर दोन्ही हातांनी कवटाळायचो, आणि आपण महिपालपूरवरून गुडगावला निघायचो. विकीच्या पप्पांनी तिथं नव्या सेक्टरमध्ये कोठी, म्हणजे बंगला, बांधायला घेतली होती. छत घालून झालं होतं, खिडक्या-दारं बसायची होती, आजूबाजूला खुणांचे दगड रोवलेले रिकामे प्लॉट आणि त्यांच्यापलीकडे अजून मोहरीची शेतं. कितीही मोठ्यानं वाजवा, तक्रार करायला शेजारी नव्हता. एकदा नाक्यावर हवालदारानं थांबवलं.

‘इसमें क्या है?’

‘बाजा है जी,’ तुम्ही म्हणालात.

‘बजा के दिखाओ.’

‘बिजली से चलता है.’

‘बिजली वाला बाजा? किस काम का?’

‘भजन के काम का.’

त्यानं हात जोडले आणि आपल्याला सोडलं. पुढे गेल्यावर मी म्हणालो, काका, तुम्ही खोटं बोललात. तुम्ही मागे न बघता म्हणालात, ‘अजून ठरायचंय.’

पहिल्या दिवशी तुम्ही सिंथेसायझर जमिनीवर ठेवलात, सतरंजी अंथरलीत आणि मांडी घालून बसलात. विकी बघत राहिला. तुम्ही उजव्या हातानं सूर दाबलात आणि तुमचा डावा हात मशीनच्या मागे गेला. भाता शोधायला. तिथं भाता कुठला. हात हवेत रिकामा ओढला गेला आणि परत आला. पुढच्या सुराला पुन्हा गेला, पुन्हा परत आला. जन्मभर उजव्या हातानं वाजवलं आणि डाव्यानं हवा भरली, तो हात गप्प कसा बसणार?

विकी म्हणाला, ‘अंकल, ये हवा नहीं मांगता.’

‘हां बेटा, पता है,’ तुम्ही म्हणालात, आणि हात पुन्हा मागे गेला.

आवाज मोठा होता, पण मेलेला होता. तुम्हालाच तो आवडला नाही. परत येताना म्हणालात, ‘यात श्वास नाही रे. दाबलं की येतो, सोडलं की जातो. नळासारखा.’ मला वाटलं, तुम्ही सोडून देणार.

तुम्ही सोडून दिलं नाहीत. तुम्ही तो घरी ठेवून घेतलात आणि ऑफिसातून आलात की त्याच्यासमोर बसायला लागलात. कुठलं बटण कुठवर फिरवलं की कुठला आवाज येतो हे लक्षात राहीना, तेव्हा ऑफिसचं व्हाइटनर आणून बटणांभोवती पांढरे ठिपके दिलेत. आणि डाव्या टोकाला अंगठ्यानं फिरवायचं जे चाक होतं, ज्याला आपण कुणी हात लावला नव्हता, ते तुमच्या रिकाम्या हाताला सापडलं. चाक वर नेलं की आवाज उघडायचा, खाली आणलं की मिटायचा. तुम्ही त्याचा भाता केलात.

पुढच्या रविवारी तुम्ही तो ट्रकचा आवाज लावलात, एकच सूर धरलात आणि डाव्या हातानं चाक ओढायला लागलात, पेटी ओढावी तसं, जराही न थांबता. आवाज फुगायचा, बसायचा, फुगायचा, बसायचा. त्या रिकाम्या कोठीत कुठलं तरी मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय असं वाटायला लागलं. बिजूनं काठ्या उचलल्या आणि त्या श्वासावर पायानं ड्रम सुरू केला. मी बेस घेऊन त्यात शिरलो. विकी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं गिटार गळ्यात घातली, पण वाजवली नाही. नंतर त्यानं कीबोर्ड शिकवणाऱ्या कुणालातरी विचारलं, तर त्यानं सांगितलं की ते चाक असं सारखं ओढायचं नसतं, अधूनमधून जरासं फिरवायचं असतं. विकीनं तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘सही बोला होगा. पर मेरा हाथ नहीं मानता.’

आणि जनरेटर. तिथं वीज नव्हतीच, सगळं जनरेटरवर. त्याची घरघर आमच्या वाजवण्यात घुसायची, विकी शिव्या द्यायचा. तुम्ही एक दिवस म्हणालात, जरा सगळे थांबा. जनरेटरकडे कान करून बसलात, सिंथेसायझरवर खाली खाली जात त्याचा सूर शोधलात आणि म्हणालात, ‘हा आपला तानपुरा. याच्याशी भांडू नका. याच्यात मिळवा.’ आम्ही तारा त्याच्यापर्यंत खाली उतरवल्या. गिटार आधी कधी नव्हती इतकी जड वाजायला लागली. त्यानंतर विकीनं तारा पुन्हा कधी वर चढवल्या नाहीत.

एक भांडण मात्र आपलं मिटलं नाही. विकी काय ओरडतो ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही मला विचारलंत, मी म्हणालो, मरणाबद्दल आहे. ‘मग इतकं भांडून का?’ तुम्ही म्हणालात. ‘आमच्याकडे मरणावरची गाणी सगळ्यात मऊ असतात.’ मी म्हणालो, काका, माणूस मरतो याचा राग यायला नको का? तुम्ही म्हणालात, ‘यावा की. पण राग गेल्यानंतर काय गाणार, तेही बसवून ठेवा.’ आपण महिपालपूरपासून मुनिरक्यापर्यंत वाद घालत आलो. नंतरही कित्येकदा घातला. मी माझं सोडलं नाही, तुम्ही तुमचं.

मग फेस्ट आला. फेब्रुवारीतली दुपार, मोकळं मैदान, पुढे काळ्या टी-शर्टांची गर्दी. तुम्ही बसायला लाकडी चौकी मागून घेतलीत. विकी म्हणाला, अंकल, आज तो खड़े हो जाओ. तुम्ही म्हणालात, ‘खड़े होके भाता नहीं होता, बेटा.’ काकूंनी विणलेलं बिनबाह्यांचं मरून स्वेटर, खाली ऑफिसची पँट, चौकीवर मांडी. मी तुमच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, संपलं.

पडदा वगैरे काही नव्हता, तुम्ही सगळ्यांना दिसलातच. पहिल्या रांगेतून आवाज आला, ‘ओए, जागरण वाले आ गए.’ दुसऱ्यानं देवीच्या भजनाची फर्माईश केली, ‘अंकल जी, एक भेंट हो जाए माता की.’ लोक हसले, आणि मग सुरू झालं ते लांबलचक ‘हूऽऽऽ’, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. विकीनं माझ्याकडे बघितलं. त्याचं ठरलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला कारखान्याचं फाटक दिसत होतं.

तुम्ही गाणं सुरू केलं नाहीत. तुमची रीतच तशी होती, उपासना असो की आरती. आधी सूर धरायचा, आणि खोलीतल्या शेवटच्या माणसाला तो सापडेपर्यंत पहिली ओळ घ्यायची नाही. तुम्ही खालचा सूर धरून बसलात. ते हूट करत राहिले. तुम्ही मान जरा कलती केलीत, जशी तुम्ही रविवारी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांसाठी करायचात, कोण कुठं आहे ते ऐकायला. मग तुम्ही आपला सूर सोडलात आणि वर गेलात, एकेक पट्टी चाचपत, जिथं ते हूट करत होते तिथं. सापडला. तुमचा सूर आणि त्यांचं ‘हूऽऽऽ’ एक झालं. डाव्या हातानं तुम्ही चाक ओढलंत, आवाज उघडला, आणि सगळं हूटिंग त्याच्याबरोबर फुगलं. चाक खाली आलं, हूटिंग बसलं. त्यांना गंमत वाटली. ते आणखी जोरात करायला लागले, पण आता तुमच्या हातावर. तुम्ही त्यांच्याकडे बघून मान हलवलीत, ‘हां, आता बरोबर’ अशी. मग हळूहळू, एकेक पट्टी, तुम्ही त्यांना खाली आणलंत, आमच्या सुरापर्यंत. सगळं मैदान आमच्या सुरात हूट करत होतं. तुम्ही बिजूला मानेनं खूण केलीत, उपासनेत ढोलकीवाल्याला करायचात तशी.

त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. मी बेसवर पहिला घाव घातला तेव्हा पुढच्या रांगेची डोकी एकदम खाली गेली आणि गाणं संपेपर्यंत वर-खाली होत राहिली. तुमची टिंगल मात्र आता कुणी करत नव्हतं. शेवटी ते परत ओरडले, पण आता म्हणत होते, ‘अंकल, एक और.’ मंचावरून उतरताना विकी माझ्या कानाशी म्हणाला, ‘मशीन रहेगी.’ थोडं पुढे गेला आणि मागे वळून म्हणाला, ‘अंकल भी.’

स्कूटरवर मी तुम्हाला विचारलं, ‘काका, त्या हूटिंगचं वाईट नाही ना वाटलं?’

‘कुठलं हूटिंग?’

‘सुरुवातीला ओरडत होते ते.’

‘ते होय? पोरं सूर घेत होती. जरा वरचा घेतला होता, एवढंच.’ आणि लगेच, ‘तुझी परीक्षा कधी आहे?’

यावर आमच्यात आजही एकमत नाही. विकी छातीठोकपणे म्हणतो, अंकल को पता ही नहीं था. काकू परवा म्हणाल्या, ‘अरे, जन्म सरकारी ऑफिसात गेला त्यांचा. टिंगल कळत नाही होय?’ मी दोन्ही मतांकडे जाऊन आलो आहे. नीट समोर बसून तुम्हाला विचारायचं राहून गेलं, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी तुम्ही त्याच तोंडानं तेच सांगितलं असतंत. मला आता वाटतं, तुम्हाला कळलं होतं, पण तुम्ही त्यात फरक करत नव्हतात. ओरडणारा माणूस तुमच्या लेखी सूर न सापडलेला माणूस होता, बस. आमच्या अण्णांकडेही तुम्ही तसंच बघायचात. ते तुमच्याशी कधी तिरसटपणे बोलले तर तुम्ही थोडा वेळ त्यांच्या पट्टीत बोलायचात, आणि मग तुम्ही दोघं फौजेतल्या जेवणावर हसत असायचात. त्यांच्या आयुष्यातल्या त्या दिवसांत त्यांना हसवणारे तुम्ही एकटे होतात.

सिंथेसायझर मंडळाचाच राहिला, तुम्ही प्रत्येक गणपतीला तो परत न्यायचात. एका वर्षी तुमचे व्हाइटनरचे ठिपके चुकले आणि आरतीचा पहिला सूर तो ट्रकचा लागला. मखराचे दिवे हलले. मंडळाच्या सेक्रेटरी वहिनी म्हणाल्या, ‘साळवे, हा कुठला राक्षस आणलात?’ पोरांनी टाळ खाली ठेवले आणि डोकी हलवायला लागली. तुम्ही न गडबडता चाक मिटलंत, सूर धरून ठेवलात, बटण सावकाश फिरवत आवाज पेटीपर्यंत आणलात आणि मगच आरती सुरू केलीत. मी मागच्या रांगेत होतो. मी अण्णांना हळूच म्हणालो, असंच करतात ते आमच्या बँडमध्ये. अण्णा म्हणाले, ‘लई बेस.’ त्यांना माझ्या वाद्याचं नाव माहीत नव्हतं, ते आपलं चांगलं म्हणत होते.

मागच्या आठवड्यात तुम्हाला कबरस्तानात नेलं तेव्हा गीत सुरू झालं, पण घाईनं. पेटी वाजवणारा मुलगा नवीन होता. त्यानं एकदा सूर दिला आणि लगेच पहिली ओळ घेतली. निम्मे लोक वर, निम्मे खाली. काकू गातच नव्हत्या. विकी माझ्या शेजारी उभा होता, आता पोट सुटलेला, डोक्यावर रुमाल बांधलेला. तो पुटपुटला, ‘अंकल होते तो सबको बिठाते पहले.’ बिजू केरळातून फोनवर होता, मी फोन हातात उंच धरला होता त्याला ऐकू जावं म्हणून. मऊ गीत होतं. तुम्ही म्हणायचात तसं. मी तुमच्याशी इतकी वर्षं ज्यावर भांडलो ते तिथं उभं राहून ऐकलं, आणि मला राग आला, काका. तुम्ही गेल्याचा, आणि तुम्हाला नीट सूर न मिळाल्याचा. म्हणजे माझंही थोडं बरोबर होतं. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही ‘अच्छा, मग पुढे?’ म्हणाला असतात, आणि पुढे काय ते अजून माझ्याकडे बसवलेलं नाही.

काकूंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला, स्वतः उभ्या राहून. मी म्हणालो, काकू, बसा. त्या म्हणाल्या, ‘बसले की घर ऐकू येतं.’ मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मी इथं लिहितो. फेस्टनंतर मी अण्णांना सांगितलं की मी गेटवर येत नाही. त्यांनी सुपरवायझरला नकार कळवला आणि गुडघ्यांना तेल लावून स्वतः जास्तीच्या पाळ्या केल्या. आईनं साड्या वाढवल्या. सोपं नव्हतं ते, आणि त्या दोघांचं त्यातलं श्रेय मी तुम्हाला देणार नाही, तुम्हीही घेतलं नसतंत. पण दर रविवारी स्कूटरवर मागे बसल्यावर पहिला प्रश्न परीक्षेचा असायचा. बँड चालू होता म्हणून कॉलेज चालू होतं. विकी अधूनमधून म्हणायचा, अंकल थक गए होंगे, छुट्टी दे दें क्या. मी म्हणायचो, रिझल्ट लागू दे.

आमच्या बँडमध्ये सिंथेसायझर शेवटपर्यंत राहिला. आपण कॅसेट काढली, तिच्यातल्या प्रत्येक गाण्यात तुमचा तो श्वास आहे. मी बी.ए. झालो, सेकंड क्लासमध्ये, आमच्या घराण्यातला पहिला. नोएडाच्या ज्या टीव्ही चॅनेलमध्ये मी आज साउंडचं काम बघतो तिथं पदवीधरच हवा होता, आणि मी पदवीधर होतो. पहिला पगार झाला त्या महिन्यात अण्णांनी गेटवरची नोकरी सोडली.